सेटर आणि ऑपरेटर

वाळूजच्या कारखान्यांत सेटर नावाचं एक पद असतं. डाय बसवायची, टूल बदलायचं, ऑफसेट भरायचा, पहिले चार-पाच नग काढून ते मापात येतात का ते व्हर्नियर लावून पाहायचं आणि मग मशीन ऑपरेटरच्या हवाली करायचं, हे त्याचं काम. ऑपरेटर पाळीभर नग काढतो. माप सरकू लागलं की स्वतः फिरवाफिरव न करता तो सेटरला हाक मारतो. चिकलठाण्यात काय, शेंद्र्यात काय, ही वाटणी अशीच आहे आणि ती शहाणपणाची आहे.

घरातल्या संगणकावर ही वाटणी नाही. तिथं जो ऑपरेटर तोच सेटर. मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरणारी आई, जीएसटीचं पत्रक भरणारा दुकानदार, रात्री नातवाशी व्हिडिओवर बोलणारे आजोबा, या सगळ्यांना कधी ना कधी त्या एका खिडकीत शिरावंच लागतं. तिला आधी कंट्रोल पॅनेल म्हणत, आता सेटिंग्ज म्हणतात. ती बांधली गेली सेटरसाठी. वापरावी लागते ऑपरेटरला. ही पुस्तिका त्या खिडकीच्या नव्या मांडणीविषयी आहे. चाळीस वर्षांत ती कशी बदलत गेली, त्या बदलांत मराठी माणसाच्या वाट्याला काय आलं, आणि आमच्या शहरात बसून तीच खिडकी आम्ही नव्यानं आखली तर ती कशी आखू, असे तीन प्रश्न इथं आहेत.

गारखेडा भागात मी वीस वर्षं संगणकाचे संध्याकाळचे वर्ग घेतो आहे. आयटीआयची मुलं येतात, सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटी करणारे येतात, टायपिंगची ‘मराठी थर्टी’ देऊन आलेल्या मुली येतात, आणि अलीकडे निवृत्त शिक्षक मोठ्या संख्येनं येतात. या सगळ्यांनी मिळून मला एक वाक्य हजार वेळा ऐकवलं आहे : “सर, परवा इथंच होतं, आता कुठं गेलं?” ज्याला हे वाक्य बोलावं लागतं त्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव असतो. आपणच काहीतरी बिघडवलं अशी त्याची समजूत झालेली असते. खरं तर त्यानं काहीच केलेलं नसतं. रात्री अपडेट आलेलं असतं.

१९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विंडोजची पहिली आवृत्ती बाजारात आली. तिच्यात कंट्रोल पॅनेल होतं. नाव सरळ कारखान्यातून उचललेलं. कारखान्यात पॅनेल म्हणजे मशीनशेजारचा लोखंडी डबा : हिरवं बटण, लाल बटण, दोन-तीन फिरवायचे स्विच, वर दिवे. डोळे मिटून हात जावा इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. तिथं पॅनेल बदलायचं झालं तर शटडाउन घेतात, इलेक्ट्रिशियन प्रत्येक बटणाखाली पट्टी चिकटवतो, आणि सुपरवायझर ऑपरेटरला उभं करून एकेक बटण दाखवतो. नाव उचलताना ही रीत कुणी उचलली नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, १९८४ मध्ये, मॅकिंटॉशचं कंट्रोल पॅनेल आलं होतं. सुझन केअर या चित्रकर्तीनं त्याच्या आकृत्या काढल्या होत्या, आणि त्या पॅनेलवर शब्दच नव्हते. वेग कमी-जास्त करायच्या पट्टीच्या एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा. ते पॅनेल मी वर्गात पडद्यावर दाखवतो तेव्हा सत्तरीतल्या बाईसुद्धा क्षणात सांगतात की कुठं काय होणार. ससा-कासवाची गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. चार दशकांपूर्वीचा तो छोटासा चौकोन मला आजही या विषयातला सर्वांत सुंदर नमुना वाटतो.

पुढं सोय वाढली तशी बटणं वाढली आणि चित्रांवर विसंबणं अशक्य झालं. विंडोज ९५ मध्ये कंट्रोल पॅनेल हे चिन्हांनी भरलेलं एक कपाट झालं, इंग्रजी वर्णक्रमानं लावलेलं. २००१ च्या एक्सपीमध्ये त्याच चिन्हांचे गट पाडले. जुनी सवय असलेल्यांसाठी ‘क्लासिक’ मांडणीकडं परत जायची वाट डाव्या बाजूला ठेवली. ही वाट ठेवणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. २०१२ मध्ये विंडोज ८ नं बोटानं चालवायच्या पडद्यांसाठी दुसरंच एक दालन उघडलं, जुनं तसंच ठेवून. २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्या दालनाचं सेटिंग्ज झालं, दातेरी चाकाची खूण घेऊन. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये डावीकडं यादी आणि उजवीकडं तपशील अशी मांडणी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या मजकुरात कंट्रोल पॅनेल मोडीत निघण्याच्या वाटेवर असल्याचं वाक्य आलं. गलका झाला, आणि थोड्याच दिवसांत ते वाक्य सौम्य झालं : कंट्रोल पॅनेलमधल्या अनेक गोष्टी सेटिंग्जमध्ये हलवल्या जात आहेत, एवढंच.

म्हणजे २०१२ पासून एकाच घरात दोन स्वयंपाकघरं आहेत. नव्या खिडकीत पाच पायऱ्या उतरलात की एका ओळीला हात लावताच फाडकन जुनी करडी खिडकी उघडते. माउसच्या बाणांची खिडकी पाहा. तिचा तोंडवळा ओळखायला विंडोज ९५ वापरलेल्या माणसाला एक क्षण लागत नाही. काही जणांना यात आळस दिसतो. मला तसं वाटत नाही. जुन्या खिडकीतल्या प्रत्येक चौकटीवर कुणाचं तरी काम उभं असतं : कुठल्या तरी बँकेचं, दवाखान्याचं, कुठल्या तरी मशीनला जोडलेल्या जुन्या संगणकाचं. ती चौकट काढली की ते काम पडतं. वाड्याचं नूतनीकरण करताना कुठली भिंत भार पेलते आहे हे आधी पाहावं लागतं, आणि इथं तर भिंती लाखो लोकांनी आपापल्या परीनं वापरलेल्या. उशीर झाला याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पाट्यांबद्दल. ॲपलनंही २००१ पासूनची आपली ‘सिस्टम प्रेफरन्सेस’ची खिडकी ऑक्टोबर २०२२ मध्ये बदलून फोनसारखी लांब यादी केली, तेव्हा जाणत्यांनीही नाराजी दाखवली. वस्तू तिथंच होत्या, पण वीस वर्षं जिथं हात जात होता तिथं त्या राहिल्या नव्हत्या.

आता मराठीकडं येतो. माझ्या दृष्टीनं या पुस्तिकेचा गाभा इथं आहे.

विंडोज २००० पासून मराठीला युनिकोडचा आधार मिळाला. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टाइप त्याच विंडोजबरोबर आला. मग आमच्याकडं युनिकोड रुजायला इतकी वर्षं का लागली? माझं उत्तर असं की एका खुणेमुळं. एक्सपीवर देवनागरी नीट दिसायची तर कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, तिथं ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडायचं, ‘लँग्वेजेस’ हा दुसरा कप्पा निवडायचा आणि खालच्या दोन चौकोनांपैकी वरच्यात खूण करायची. त्या चौकोनासमोर काय लिहिलं होतं? गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी आणि उजवीकडून डावीकडं लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी फायली बसवा, कंसात, थाईसह. मराठी हा शब्द तिथं नव्हता. देवनागरी नव्हता. भारत नव्हता. आपली लिपी डावीकडून उजवीकडं जाते हे पहिलीतल्या मुलाला माहीत असतं. ती ‘गुंतागुंतीची’ आहे हे आपल्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं. खूण केली की एक सूचना यायची : तुम्ही अरबी, आर्मेनियन, जॉर्जियन, हिब्रू, इंडिक, थाई आणि व्हिएतनामी या भाषांच्या फायली निवडल्या आहेत, दहा एमबी जागा लागेल. त्या ओळीतल्या ‘इंडिक’ या एका शब्दात आपण सगळे होतो.

मग विंडोजची सीडी मागितली जायची. ज्यांचा संगणक जुळवून देणाऱ्या मुलानं घरी आणून बसवला होता त्यांच्याकडं सीडी कुठून असणार? सायबर कॅफेत तर विचारायची सोयच नव्हती. सीडी मिळाली तर आय-थ्री-एट-सिक्स या नावाचं फोल्डर दाखवायचं, संगणक बंद करून चालू करायचा, पुन्हा त्याच खिडकीत येऊन ‘डीटेल्स’मध्ये मराठी जोडायची, आणि मग कुठं खाली उजव्या कोपऱ्यात इएनचं एमआर करता यायचं. ज्यांनी हे केलं नाही त्यांना ‘शिवाजी’ लिहिलेलं दिसताना पहिली वेलांटी शच्या पुढं जाऊन बसलेली दिसायची, जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसायचे, नाही तर नुसते चौकोन. पाहणारा म्हणायचा, मराठी संगणकावर नीट येत नाही. तो परत श्रीलिपीकडं किंवा कृतिदेवकडं जायचा, जिथं फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांची इंग्रजी खिचडी व्हायची.

मी स्वतः एका जाड वहीत ही सगळी वाट चित्रांसह काढून ठेवली होती. खिशात एक्सपीची सीडी घेऊन औरंगपुऱ्यापासून सिडकोपर्यंत किती घरांत मी ती खूण केली असेल, मोजलेलं नाही. खूण झाल्यावर पडद्यावर पहिल्यांदा सरळ उभं राहिलेलं मराठी वाक्य पाहून एक आजी संगणकालाच म्हणाल्या होत्या, “आता कसं!”

आणि मग २००७ च्या व्हिस्टामध्ये तो चौकोनच नाहीसा झाला. गुंतागुंतीच्या लिप्यांचा आधार कायमचा चालू झाला, विचारणं थांबलं. या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा कुठली असं मला विचाराल तर मी याच चौकोनाकडं बोट दाखवीन. रंग बदलले नाहीत, चिन्हं गोलसर झाली नाहीत. जो प्रश्न विचारायलाच नको होता तो विचारणं बंद झालं, आणि त्याचं उत्तर सगळ्यांच्या वतीनं बरोबर दिलं गेलं. खिडकी आखणाऱ्याच्या हातातलं सगळ्यांत वजनदार हत्यार म्हणजे मुळात जे चालू ठेवून दिलं जातं ते. बहुतेक माणसं आयुष्यभर तेच वापरतात.

कळफलकाचा प्रश्न मात्र नंतरही राहिला. विंडोजच्या मराठीत इन्स्क्रिप्ट होता. टायपरायटरवर शिकलेल्या बोटांना हवा असलेला रेमिंग्टन मूळ यादीत नव्हता, तो बाहेरून आणावा लागे. सीडॅकची किंवा खासगी सॉफ्टवेअरं त्यासाठीच खपत. मे २०१९ च्या अपडेटमध्ये विंडोज १० मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांचे उच्चारानुसारी कळफलक आले. ‘एमएआरएटीएचआय’ असं टाइप केलं की मराठी. हे फार मोठं काम झालं. तरी वर्गात विचारलं की दहांतल्या आठांना ते माहीत नसतं, कारण ते ‘टाइम अँड लँग्वेज’च्या आत, भाषेच्या आत, मराठीसमोरच्या तीन टिंबांच्या आत, पर्यायांच्या आत आहे.

तारखेचं दुखणं तर माझ्या स्वतःच्या अंगावर आलेलं आहे. एका शिक्षणसंस्थेत काही महिने मी विद्यार्थ्यांच्या नोंदी भरत होतो. संगणक नवा होता आणि बसवणाऱ्यानं प्रदेश अमेरिकेचा आहे तसाच ठेवलेला. ३ ऑगस्टला जन्मलेल्या मुलाची तारीख मी ०३/०८ अशी भरली, संगणकानं ती ८ मार्च म्हणून स्वीकारली, आणि मला काहीच कळलं नाही, कारण पडद्यावर जवळपास तसंच दिसत होतं. २५ ऑगस्टवाल्याची तारीख त्याला मुळी तारीख वाटलीच नाही. पंचविसावा महिना नसतो म्हणून ती नुसता मजकूर होऊन रकान्याच्या डाव्या कडेला चिकटली. यादीतल्या काही तारखा उजवीकडं आणि काही डावीकडं का, या एका शंकेनं सगळं उघडकीला आलं. मग शाळा सोडल्याचे दाखले काढून एकेक नोंद हातानं तपासली. दोन दिवस गेले. ज्या यादीत ही शंका कुणाला आली नाही, तिथल्या मुलाच्या जन्मतारखेचं पुढं काय झालं असेल, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. एवढ्या मोठ्या परिणामाची गोष्ट त्या खिडकीत एका अरुंद खाली उघडणाऱ्या यादीत बसवलेली आहे, वॉलपेपर बदलण्याच्या सोयीपेक्षा कितीतरी खोल.

स्वल्पविरामाचंही तसंच. जाधववाडीच्या मोंढ्यात अडतीच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्याला १२,३४,५६७ दिसलं तर तो बारा लाख चौतीस हजार असं वाचून मोकळा होतो. १,२३४,५६७ दिसलं की त्याला थांबून बोटानं मोजावं लागतं. प्रदेश भारत केला की लाख-कोटीची विभागणी आपोआप येते, पण एखाद्यालाच ती वेगळी हवी असेल तर तिची जागा बराच काळ फक्त जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये, ‘ॲडिशनल सेटिंग्ज’च्या आत राहिली. रुपयाचं चिन्ह जुलै २०१० मध्ये ठरलं. ते उजवा ऑल्ट आणि ४ एकत्र दाबून उमटतं, पण इंग्रजीचा कळफलक भारताचा निवडलेला असेल तरच. अमेरिकेचा असेल तर कितीही दाबा. म्हणून आजही कित्येक पावत्यांवर ‘आरएस’ आणि टिंब आहे.

नावांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, आणि त्यासाठी आमचं शहर मदतीला घेतो. हे दरवाज्यांचं शहर. बावन्न दरवाजे असं आम्ही अभिमानानं सांगतो. यांतल्या मुख्य दरवाज्यांची नावं पाहा. उत्तरेला दिल्ली दरवाजा, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला पाणचक्कीजवळ मक्केच्या दिशेचा मकाई दरवाजा. दरवाज्याला नाव आहे ते त्याच्यातून बाहेर पडून माणूस जिथं जाणार त्या गावाचं. कुणी बांधला, किती उंच, कमान कसली, यातलं काही नावात नाही. वाटसरूला जे हवं तेच पाटीवर. सेटिंग्जमध्ये ‘प्रगत’, ‘अतिरिक्त’, ‘इतर’, ‘व्यवस्थापन’ असे दरवाजे असतात, आणि ते कुठल्याच गावाला जात नाहीत. ‘अक्षर मोठं करा’, ‘मराठीत लिहा’, ‘आवाज येत नाही’ हे दरवाजे गावाला जातात. पुस्तिकेतल्या आमच्या आराखड्याचा पाया हाच आहे, आणि तो आम्हाला पैठण गेटाखालून जाता-येता सुचला.

नावं बदलतात हेही या शहराला कुणी शिकवायला नको. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचं नावही बदललं. अशा काळात लोकांना काय लागतं ते आम्ही रोज पाहतो : जुनं नाव घेऊन आलेल्या माणसाला नव्या ठिकाणी पोहोचवणारा कुणीतरी. सेटिंग्जमध्ये नेमकी त्याचीच वाण आहे. दृष्टी किंवा ऐकणं कमी झालेल्यांसाठीच्या सोयींचं नाव एक्सपीपर्यंत ‘ॲक्सेसिबिलिटी ऑप्शन्स’ होतं, व्हिस्टापासून विंडोज १० पर्यंत ‘ईझ ऑफ ॲक्सेस’ झालं, विंडोज ११ मध्ये पुन्हा ‘ॲक्सेसिबिलिटी’. ज्यांना या सोयींची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच दोनदा नवी पाटी वाचायला लावली. प्रोग्रॅम काढून टाकायच्या जागेचं तेच : ‘ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स’, ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’, ‘ॲप्स अँड फीचर्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’.

गंमत अशी की सेटरची सोय मात्र केलेली आहे. विंडोज ११ वर ‘रन’च्या चौकटीत ‘इंटल डॉट सीपीएल’ टाइप केलं की प्रदेशाची जुनी खिडकी उघडते. ‘ॲपविझ डॉट सीपीएल’ टाइप केलं की प्रोग्रॅमांची. नव्वदच्या दशकातली ही नावं अजून चालतात. जगभरचे संगणक ज्या यादीवरून वेळ जुळवतात त्या यादीतही ‘एशिया/कलकत्ता’ हे ‘एशिया/कोलकाता’ झालं, पण जुनं नाव काढून टाकलं नाही. ते नव्याकडं बोट दाखवत तिथंच उभं आहे. कुणाचंही चालू काम त्या बदलानं बंद पडलं नाही. म्हणजे ही शिस्त संगणकवाल्यांना चांगली ठाऊक आहे. यंत्रांशी ते ती पाळतात. माणसांशीही पाळावी, एवढंच मागणं आहे : शोधाच्या चौकटीत जुनं नाव लिहिलं तर नवी जागा दिसावी, आणि जुन्या जागी निदान काही वर्षं पाटी राहावी.

एक बदल मला उलटा वाटतो, तोही नोंदवतो. जुन्या खिडकीखाली तीन बटणं असत : ओके, कॅन्सल, अप्लाय. आत काहीही फिरवून पाहा, अप्लाय दाबेपर्यंत काही होत नसे, आणि कॅन्सल दाबलं की सगळं पूर्वीसारखं. भीत-भीत शिकणाऱ्याला हा फार मोठा आधार होता. नव्या खिडकीत बटण सरकवलं की त्याच क्षणी लागू. चटपटीत आहे, मान्य. पण चुकून काय सरकलं हे ज्याला कळलं नाही त्यानं परत कसं यायचं? याला एक फार चांगला अपवाद जुन्या-नव्या दोन्ही काळांत टिकून आहे. पडद्याचं रिझोल्यूशन बदललं की संगणक विचारतो, हे ठेवायचं का? पंधरा सेकंदांत उत्तर आलं नाही तर तो आपणहून मागं फिरतो, कारण पडदाच काळा झाला असेल तर बिचारा माणूस उत्तर देणार कसं? ज्यानं कुणी हे पहिल्यांदा केलं, त्यानं खुर्चीत बसलेल्या माणसाचा विचार केला होता. भाषा बदलताना, कळफलक काढताना, अक्षरांचा आकार बदलताना हीच पंधरा सेकंदं मिळावीत. फोनची भाषा चुकून अनोळखी झाली की शेजारच्या पोराकडं धावावं लागतं, हे घरोघरी घडलेलं आहे.

आमचा आराखडा कागदावरचा आहे. दोन वर्षं दर शनिवारी वर्गातल्या लोकांनी पेन्सिलीनं खिडक्या काढल्या, एकमेकांना त्या ‘चालवून’ दाखवल्या, आणि जिथं माणूस अडला तिथं खोडून पुन्हा काढल्या. एकजण संगणक व्हायचा, एकजण वापरणारा. बोट ठेवलं की संगणक झालेल्यानं पुढचा कागद पुढं करायचा. या रीतीनं एका दुपारी जेवढं कळलं तेवढं मला वर्षभर पुस्तकं वाचून कळलं नव्हतं. पहिल्या पानावर भाषा, तारीख, आकडे आणि अक्षराचा आकार या चारच गोष्टी एकत्र आहेत, आणि प्रत्येकीसमोर नमुना आहे : तारीख कशी दिसेल, बारा लाख कसे दिसतील. वाळूजला सेटर असलेले एक काका या खेळात रमले. त्यांचा आग्रह असा होता की प्रत्येक बदलानंतर ‘पहिला नग’ दिसलाच पाहिजे, त्याशिवाय मशीन ताब्यात द्यायचं नाही. तो नमुन्याचा रकाना त्यांचा आहे.

शब्दांवर सर्वांत जास्त भांडण झालं. ‘पूर्वनिर्धारित’ असा शब्द भाषांतरात सर्रास येतो. वर्गात तो कुणीही मोठ्यानं नीट वाचू शकलं नाही. आम्ही ‘मूळचं’ घेतलं. ‘सेटिंग्ज’ तसंच ठेवलं, ‘लागू करा’ ठेवलं, आणि ‘रद्द करा’च्या जागी ‘होतं तसं करा’ ठेवलं. काही वाचकांना ते फार घरगुती वाटेल. मला ते बरोबर वाटतं. ग्नोम, केडीई यांसारख्या मुक्त प्रणालींत सेटिंग्जचे मराठी शब्द कुणालाही सुचवता येतात, पुण्या-मुंबईतल्या स्वयंसेवकांनी तिथं मोठं काम करून ठेवलं आहे. त्यात मराठवाड्याच्या बोलीचा हात फारसा लागलेला नाही, तो लागावा.

पुस्तिकेच्या प्रत्येक पानाला म्हणूनच रुंद समास सोडला आहे. हे कागद घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर ठेवा, त्यांना न सांगता फक्त ‘अक्षर मोठं करा’ एवढंच काम द्या, आणि त्यांचं बोट पहिल्यांदा जिथं जाईल तिथं पेन्सिलीनं खूण करा. जो शब्द त्यांना अडला तो समासात लिहा, आणि त्याऐवजी त्यांनी स्वतः जो वापरला तोही. पुढची आवृत्ती त्या खुणांवरून आखायची आहे.

छत्रपती संभाजीनगर